डावी बाजू

आमचं वर्ष गड्ड्यापासून गड्ड्यापर्यंत.
होम मैदानावरचे पाळणे उतरले
की मी वही उलटी करून मागच्या पानावर लिहितो
वर्षभरात पुरवून पुरवून ऐकलेले अल्बम.
पुढच्या पानांवर टॉवेलांचे डझन, तुटलेले पिकर, उचल.

यंदा जरा अडचण आहे.
मार्चमध्ये डॉक्टर कलशेट्टींनी कागदावर एक रेघ दाखवली,
जिना उतरावा तशी उतरत गेलेली.
म्हणाले, डावा कान गेला.
कारखान्यात किती वर्षं?
अठ्ठावीस.
मग पुष्कळ साथ दिली म्हणायची त्यानं.

तेव्हापासून इअरफोनची एक वायर
शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी लोंबायची
आणि कुणीतरी माझ्या पोटाला गाऊन दाखवायचं.
राजमणीनं सुपावरून मान न उचलता हात पुढं केला :
आण इकडं. वाया कशाला घालवायची?

वायर आखूड. गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं.
तिचे हात पानात, हजार विड्या व्हायच्या असतात,
माझ्या अंगावर सुताचा बुरा.

बिदरच्या एका बाईचा अल्बम. तंबोरा आणि गळा,
पन्नास मिनिटांत चारच चिजा.
उन्हाळाभर तोच. त्रेचाळीस अंश, पत्रा तापलेला,
पाणी पाचव्या दिवशी,
आणि ती बाई एकेका स्वरावर अशी थांबायची
जशी बारीक धारेखाली घागर.

साखरपेठेतल्या पोरांनी बंद शेडमध्ये रॅपचा काढला,
अर्धा तेलुगु, अर्धा मराठी, शिव्या दोन्हीतल्या.
सगळे म्हणाले, लई भारी.
मला तिसऱ्या गाण्यात पिकर ढिला झाल्यासारखा ऐकू यायचा,
हात आपोआप पान्याकडं जायचा.
तरी लिहिलाय. पोरं खोटं बोलत नाहीत.

सनई आणि पियानोचा एक होता.
तो कळला नाही, पण झोप छान लागायची.
त्याचेही मार्क द्यायला हवेत.

अधूनमधून मी विचारायचो, तुझ्याकडं काय चाललंय?
विडीचं तोंड मोडता मोडता ती सांगायची.
आता पेटी आली. लांबून, शेजारच्या गल्लीतून आल्यासारखी.
आता बाईनं श्वास घेतला.
आगु, कुणीतरी दार लावलं.
इथं एक कोंबडा आहे.
कोंबडा?
हो. एकदाच आरवला.

हा कोंबडा मी चहाच्या गाड्यावर
म्याकल अंबादासलासुद्धा सांगितला.
रेकॉर्डिंग खेड्यात केलेलं असणार, असंही वरून.

डिसेंबरात ती बहिणीकडं गेली, सिरसिल्ल्याला, आठ दिवस.
एकट्यानं ऐकताना सुचलं, वायर बदलून बघावी,
डावी उजव्या कानात.
इतकं सोपं, आणि नऊ महिने सुचलं नव्हतं.
तंबोरा, तोच. गळा, तोच.
श्वास होता. खरंच होता.
पेटी नाही. दार नाही.
पन्नास मिनिटं मी त्या कोंबड्याची वाट पाहिली,
मग पुन्हा पहिल्यापासून लावला.

त्या रात्री वहीत पहिला नंबर खोडला.
खोडलेल्या जागी काय लिहायचं ते ठरेना.

ती आली. पिशवीतून सकिनालू काढले,
भाचीच्या लग्नाचं सांगितलं,
एसटीत कोण शेजारी बसलं तेही.
मी काही विचारलं नाही.
रात्री वायर पुढं केली.
पदराला हात पुसून तिनं ती कानात बसवली,
आणि कात्री पुन्हा पानांवर चालू लागली.

तुझ्याकडं काय चाललंय?

बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, कोंबडा जरा म्हातारा झालाय.

पेन कोनाड्यात होतं.
उठणार होतो,
पण वायर आखूड आहे.